जपानच्या शहरांतील रीतीभाती आणि खराट्याचा प्रश्न

जपानला जाऊन आलेल्या माणसाला परतल्यावर दोनच प्रश्न विचारले जातात. एक, तेथे फार महाग आहे काय? दुसरा, तेथे खरोखरच इतकी स्वच्छता असते काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही विदर्भातील अकरा जण टोकियो, क्योतो, नारा, कोयासान आणि ओसाका असा प्रवास करून आलो. आल्यापासून या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही अनेकदा दिली. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, हे आमच्या लक्षात आले, म्हणून हा लेख.

प्रवासवर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. प्रेक्षणीय स्थळांची माहिती पुस्तकांत मिळते. ओसाका येथे शेवटच्या रात्री आम्ही सर्वजण निवासाच्या खालच्या दालनात चहा घेत बसलो आणि प्रत्येकाने आपल्याला काय वेगळे वाटले ते सांगितले. त्या गप्पांतील उपयुक्त भाग येथे मांडत आहोत. पुढे जाणाऱ्या बांधवांना व भगिनींना त्याचा उपयोग व्हावा, आणि न जाणाऱ्यांनाही विचाराला काही मिळावे, एवढीच अपेक्षा आहे.

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना आम्ही सर्वजण बाई म्हणतो. एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले, एक ताई परिचारिका, दोन तरुण अभियंते, आणि एक भाऊ महानगरपालिकेच्या सफाई खात्यात चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. या भाऊंनी पहिल्याच दिवशी टोकियोत एक प्रश्न विचारला होता. तो असा, "इथं झाडू कोण मारतो?" त्या वेळी आम्ही हसलो. शेवटच्या रात्री मात्र त्याच प्रश्नावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो.

जोडे आणि चपला

जपानी घराच्या दारातच एक खालची पायरी असते, तिला गेन्कान म्हणतात. तेथे जोडे काढून, त्यांची तोंडे दाराकडे करून ठेवावयाची आणि वरच्या पायरीवर ठेवलेल्या घरातल्या चपला घालावयाच्या. आपल्याकडेही जोडे बाहेरच काढतात, म्हणून हे आम्हाला सोपे वाटले. चूक पुढे झाली. गवती चटयांच्या, म्हणजे तातामीच्या खोलीत घरातल्या चपलाही चालत नाहीत. तेथे फक्त मोजे किंवा अनवाणी पाय. शौचालयासाठी चपलांचा वेगळा जोड असतो आणि तो तेथेच सोडावयाचा असतो. आमच्यातील एक अभियंता शौचालयाच्या चपला घालून थेट जेवणाच्या खोलीत आला. यजमान बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्यासमोर दुसऱ्या चपला आणून ठेवल्या आणि पहिल्या उचलून नेल्या. तो पोरगा दोन दिवस खजील होता.

गाडीतील शांतता

टोकियोच्या लोकलमध्ये आपल्या मुंबईइतकीच गर्दी असते, पण आवाज नसतो. भ्रमणध्वनीवर गाडीत कोणी बोलत नाही. तशा सूचना डब्यात लावलेल्या असतात. आम्ही पहिल्या दिवशी अकरा जण अकरा आवाजांत बोलत होतो. एका वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडे पाहून नुसती मान लववली. दटावणीपेक्षा ती मान आम्हाला अधिक लागली. फलाटावर दरवाजा जेथे येणार तेथे खुणा केलेल्या असतात आणि लोक त्या खुणांमागे रांगेत उभे राहतात. उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, तर ओसाकात उजवीकडे.

आमचे रेल्वेवाले काका मात्र गाडीपेक्षा चालकाकडेच पाहत होते. जपानी चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतो, एकटा असला तरी. आपल्याकडेही चालक आणि सहचालक सिग्नल एकमेकांना पुकारून सांगतात, हे काकांनी आम्हाला समजावले. हात, डोळे आणि तोंड ही तिन्ही एकाच कामात गुंतली म्हणजे चूक कमी होते, एवढेच त्यामागचे तत्त्व. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेली शिनकान्सेन टोकियो स्थानकावर आली की परत निघेपर्यंत सुमारे बारा मिनिटे मिळतात. त्यातील सात मिनिटांत सफाई पथक सगळे डबे झाडून, आसने फिरवून, पडदे नीट करून बाहेर येते आणि प्रवाशांना वाकून नमस्कार करते. आमचे सफाई खात्यातील भाऊ तो प्रकार पाहायला फलाटावर दोनदा थांबले.

पैसे आणि हरवलेली वस्तू

दुकानात पैसे हातात देत नाहीत. समोर लहान तबक असते, त्यात ठेवावयाचे. उरलेले पैसेही त्यातच मिळतात. बक्षिसी देण्याची रीत नाही. आम्ही एका खाणावळीत मेजावर काही नाणी ठेवून निघालो, तर वाढणारी मुलगी रस्त्यावर धावत आली आणि ती परत देऊन गेली. वीज १०० व्होल्टची असते आणि पिनांची पाती चपटी असतात, म्हणून उपकरणे नेताना ते पाहून घ्यावे.

परिचारिका ताईंची पिशवी ओसाकाच्या लोकलमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी ती हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात जशीच्या तशी मिळाली. आम्ही म्हणालो, किती प्रामाणिक लोक! आमच्या वाटाड्या मुलीने मात्र त्याचे अधिक नेमके कारण सांगितले. सापडलेली वस्तू जमा करण्याविषयी तेथे कायदा आहे. वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के मोबदला सापडणाऱ्याला मागता येतो, आणि तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तू सापडणाऱ्याच्या होतात. शिवाय चौकाचौकांत कोबान म्हणजे छोटी पोलीस चौकी असते आणि लहान मुलांनाही तेथे सापडलेले नाणे नेऊन द्यायला शिकवितात. म्हणजे प्रामाणिकपणाला कायद्याचा, जवळच्या चौकीचा आणि शिकवणीचा असा तिहेरी आधार आहे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येईल.

ताटातील रीती

जेवणाआधी इतादाकिमास आणि नंतर गोचिसोसामा म्हणतात. पहिल्याचा भाव मी हे नम्रपणे स्वीकारतो असा, आणि दुसऱ्याचा या अन्नासाठी कोणीतरी धावपळ केली त्यांचे आभार असा. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत होते. बहुतेक रस्सा ज्या दाशीवर करतात ती वाळविलेल्या माशाची असते, म्हणून वर भाजी दिसली तरी खाली मासा असतो. आमच्यातील दोघांची खरी सोय कोयासानच्या मठात झाली. तेथील शोजिन र्योरी या भिक्खूंच्या जेवणात मासे, मांस, कांदा, लसूण काही नसते.

काड्यांनी जेवताना दोन गोष्टी कधीही करू नयेत. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचू नयेत, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये. आमच्या काकांनी पहिली चूक केली तेव्हा खाणावळीच्या मालकीणबाईंनी हळूच येऊन काड्या आडव्या ठेवल्या. मृताच्या पुढे ठेवलेल्या भातात काड्या उभ्या खोचतात, हे कारण नंतर कळले. तसेच जपानमध्ये जवळजवळ सर्वांचे दहन होते, आणि दहनानंतर नातेवाईक काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात, काही ठिकाणी एकमेकांच्या काड्यांत देत. म्हणून जेवताना तशी कृती नको. ही रीत कळल्यावर आम्ही सर्वच जण थोडा वेळ गप्प झालो.

विहार आणि भिक्खू

नारा येथील तोदाईजी विहारात सुमारे पंधरा मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. इ. स. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन या भारतीय भिक्खूंच्या हस्ते झाला. ते ७३६ साली जपानला पोहोचले होते. कोयासान येथील विद्यापीठाच्या आवारात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तेथे आम्ही बराच वेळ उभे होतो.

आपल्या समजुतीला धक्का देणारी गोष्ट म्हणजे तेथील बहुसंख्य विहारांचे भिक्खू विवाहित आहेत. १८७२ साली मेजी शासनाने भिक्खूंना विवाह करण्याची, मांसाहार करण्याची आणि केस राखण्याची मोकळीक दिली. तेव्हापासून विहार पुष्कळदा बापाकडून मुलाकडे जातो. त्याच वर्षी शासनाने पवित्र डोंगरांवरील स्त्रियांची प्रवेशबंदीही उठविली. कोयासानच्या वेशीवर न्योनिन-दो नावाचे सभागृह आजही उभे आहे. एके काळी स्त्रियांना तेवढ्यापर्यंतच येता येत असे आणि तेथूनच त्या नमस्कार करीत. आमच्या बाई त्या सभागृहाच्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे इथंही बाहेरूनच दर्शन होतं." त्यांच्या मनात कोणते देऊळ आले असेल, हे आम्हाला विचारावे लागले नाही.

कचरापेटी नाही, कचराही नाही

आता भाऊंच्या प्रश्नाकडे वळू. टोकियोच्या रस्त्यावर केळ्याचे साल टाकायला कचरापेटी मिळत नाही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षिततेसाठी स्थानकांवरील पेट्या मोठ्या प्रमाणावर काढण्यात आल्या. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. घरी त्याचे जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद असे वर्ग करावे लागतात. प्रत्येक वर्गाचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी सकाळी तो ठरलेल्या जागी ठेवून कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळी पसरावयाची. क्योतोत त्यासाठी महानगरपालिकेच्या ठराविक पिशव्या विकत घ्याव्या लागतात. शिकोकु बेटावरील कामिकात्सु या गावात तर लोक कचऱ्याचे चाळीसहून अधिक वर्ग करतात.

पण हे सारे जपानी माणसाच्या रक्तातच आहे, असे समजू नये. १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वी टोकियोच्या नद्यांना दुर्गंधी येत होती आणि शहर स्वच्छ करण्यासाठी मोहिमा काढाव्या लागल्या होत्या. १९७१ साली तर टोकियोचे राज्यपाल र्योकिची मिनोबे यांनी कचरा युद्ध जाहीर केले. त्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. साऱ्या शहराचा कचरा कोतो या भागातील समुद्रकाठच्या भरावावर जात असे. दुर्गंधी, माश्या आणि गाड्यांची रहदारी हे सगळे कोतोच्या वाट्याला आले होते. सुगिनामी या सुस्थितीतील भागात कचरा जाळण्याचे केंद्र उभारावयाचे ठरले, तेव्हा तेथील रहिवाशांनी विरोध केला. त्यावर कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते, आपला कचरा आपल्या दारात निस्तरा. शेवटी १९७४ मध्ये तडजोड झाली आणि पुढे सुगिनामीतही ते केंद्र उभे राहिले.

हे ऐकून भाऊ ताठ बसले. "आमच्या वस्तीशेजारी डंपिंग होतं. पण आमच्यासाठी कोणी गाड्या अडवल्या नाहीत, आम्हीच त्या चालवत होतो," असे ते म्हणाले.

शाळेतील खराटा

नारा येथे एका परिचितांच्या मदतीने आम्हाला एक प्राथमिक शाळा पाहता आली. जेवणाची सुट्टी संपली, ध्वनिक्षेपकावर गाणे लागले आणि मुलांनी डोक्याला रुमाल बांधून बाके मागे सरकविली. कोणी खराटा घेतला, कोणी सुपली. आठ-दहा मुले ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून व्हरांडा पुसत धावत सुटली. पायऱ्या, हात धुण्याची जागा, शौचालय अशी पाळीपाळीने वाटणी होती. पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपले. शिक्षकही पुसत होते. दुपारचे जेवणही मुलेच पाळीने एकमेकांना वाढतात.

या रीतीची मुळे अनेक आहेत, पण त्यातील एक मठांत आहे. झेन मठांत झाडणे, लाकडे फोडणे, स्वयंपाक करणे हे ध्यानाइतकेच महत्त्वाचे मानतात. चूळपंथक भिक्खूची कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. एक गाथाही पाठ होईना, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांच्या हाती पांढरे वस्त्र दिले आणि ते मळताना पाहून त्यांना बोध झाला. जपानमध्ये हीच कथा सांगताना त्यांच्या हाती झाडू असतो. झाडता झाडता ते अर्हत झाले.

बाई म्हणाल्या की, त्यांच्या लहानपणी वर्ग झाडायचा तो कोणी, हे मुलांची नावे पाहून ठरत असे. त्यांनी स्वतः शिक्षिका झाल्यावर पाळी लावली, तर दोन पालक तक्रार घेऊन आले. नाराच्या त्या व्हरांड्यात त्यांनी डोळे पुसलेले आम्ही पाहिले होते, त्याचे कारण त्या रात्री कळले.

दुसरी बाजू

एवढ्यावर लेख संपविला असता तर तो अर्धवट आणि म्हणून खोटा ठरला असता. भाऊंचा प्रश्न खरे तर दोन प्रश्नांचा होता. झाडू कोण मारतो, हा एक. आणि त्या माणसाकडे लोक कसे पाहतात, हा दुसरा.

जपानमध्येही अस्पृश्यता होती. एदो काळात मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे आणि फाशीच्या कामाशी जोडलेले लोक समाजाबाहेर, वेगळ्या वस्त्यांत ठेवले जात. या वस्त्यांना पुढे बुराकु म्हटले जाऊ लागले. विशेष असे की, शहरातील मैला मात्र त्या काळी शेतकरी खतासाठी पैसे देऊन नेत. म्हणजे घाण कोणती आणि विटाळ कोणता, हे प्रत्येक समाज आपल्या सोयीने ठरवितो. १८७१ च्या आज्ञेने हा भेद कायद्याने संपला, व्यवहारात संपला नाही. काही बौद्ध पंथांच्या विहारांनी तर या लोकांना मृत्यूनंतर द्यावयाच्या धर्मनामांतही हीनपणा दाखविणारी अक्षरे घातली आणि ती थडग्यांवर कोरली. अलीकडच्या काळात त्या पंथांनी चूक मान्य करून शोध व दुरुस्तीचे काम केले. बुद्धमूर्तीच्या सावलीत हे घडू शकते, हे आपण विसरता कामा नये.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या लोकांनी सुइहेइशा ही आपली संघटना स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे नारा प्रांतातील बुराकु वस्तीतल्याच एका विहारात जन्मलेले होते. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधीची ही घटना. एकमेकांपासून इतक्या दूर, दोन समाज दयेची नव्हे तर माणुसकीच्या हक्काची मागणी करीत उभे राहिले. गोसे येथील सुइहेइशा संग्रहालयात आम्ही अर्धा दिवस घालविला. आमची वाटाडी मुलगी पदवीधर, पण तिने या विषयावर शाळेत पानभर मजकूर वाचला होता, तेवढाच. ती आमच्याइतक्याच लक्षपूर्वक पाहत होती.

नोंदींचाही त्रास झाला. कुटुंबनोंदणीच्या जुन्या वह्यांवरून माणसाचे मूळ शोधले जाई. १९७५ मध्ये बुराकु वस्त्यांच्या ठिकाणांची यादी कंपन्यांना विकली जात असल्याचे उघडकीस आले. १९८५ साली ओसाका प्रांताने खाजगी गुप्तहेरांकरवी अशी चौकशी करण्यावर निर्बंध घातले. डिसेंबर २०१६ मध्ये हा भेदभाव नष्ट करण्यासाठी राष्ट्रीय कायदा झाला. तरीही लग्नाच्या वेळी हळू आवाजात गावाची चौकशी होते, असे संग्रहालयात आम्हाला सांगण्यात आले. ही चौकशी कशी असते ते आम्हाला समजावून सांगावे लागले नाही. पूर्ण नाव काय, गाव कोणते, असे आपल्याकडेही विचारतात.

आम्ही काय घेऊन आलो

तेव्हा जपान स्वच्छ आहे काय, याचे उत्तर होय असे आहे. ती स्वच्छता रक्तातून आलेली नाही. ती शाळेतील वीस मिनिटांतून, कचऱ्याच्या ठरलेल्या वारांतून, कायद्यांतून आणि कोतोच्या लोकांसारख्यांच्या भांडणांतून आली. म्हणून ती आपल्यालाही अशक्य नाही. परंतु स्वच्छता आली म्हणजे समता आली असे होत नाही. खराटा सर्वांच्या हाती देणे हे एक काम आहे आणि खराट्यावरून माणसाची किंमत न करणे हे दुसरे. जपानने पहिले काम पुष्कळसे केले आहे. दुसरे अजून चालू आहे. आपल्याकडे दोन्ही बाकी आहेत.

त्या रात्री चहा संपल्यावर कप कोणी धुवायचे यावर थोडी ओढाताण झाली. भाऊ सवयीने उठले होते. बाईंनी त्यांना हात धरून खाली बसविले आणि दोन्ही अभियंत्यांना हाक मारली. पोरांनी कप धुतले, मेज पुसले आणि कचऱ्याचे वर्ग केले. एक कागदी कप चुकीच्या डब्यात गेला होता, तो भाऊंनी दाखवून दिला.

परतल्यावर आम्ही अकरा जणांनी एकच साधी गोष्ट ठरविली. आपल्या कार्यक्रमांनंतर मंडप आणि सभागृह झाडण्यासाठी बाहेरून माणूस बोलवावयाचा नाही. पाळी लावावयाची. आणि त्या पाळीच्या यादीत पहिली नावे पदाधिकाऱ्यांची असतील. वाचकांनीही आपापल्या ठिकाणी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.